राबाच्या धुरातला तारा
आमची ही देवाघरी गेली, त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघं ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसलो होतो. कुणीतरी भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला राब पेटवला होता, त्याचा धूर आला आणि ती हसत सुटली. मलाही आठवलं. फार वर्षांपूर्वी मुंबईच्या कॉलेजातले एक सर दहिवलीला आमच्या खळ्यावर दुर्बीण लावायचे. ताऱ्यांची एक जोडी होती. सर म्हणाले, या दिवसांत अंधार पडला की एक तारा दुसऱ्याच्या आड जातो नि उजेड उतरतो. शिवाय त्यातला एक छातीसारखा धडधडतो. ही म्हणाली, "आमचंच हाय की सर. हे आडवे येतात नि धडधड मला." सरांनी तिला दुर्बिणीशी बसवलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "उतरला बगा." सरांनी डोळा लावला आणि पोट धरून हसले. खालच्या शेतांत राब पेटले होते, धुरात आख्खं आभाळ बुडालं होतं. ती हिरमुसली. सर म्हणाले, "वहिनी, उद्या पुन्हा आड जाईल. परवा मात्र मी निघालो." मला काही तिचं तोंड बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता मी खालच्या शेतांत गेलो आणि एकेकाला बजावून आलो, "आज राब पेटवायचा नाय रं. आमच्या हिला तारा बगायचाय."