फायलीच्या माथ्यावरचा श्री

गेल्या उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका गावातून एका तरुणीचा फोन आला. "मॅडम, मी लहान होती तवा तुमी आमच्या घरी आल्त्या, माय सांगे. ती बोलत होती अन् तुमी लिवत होत्या. ते कागद हायेत का तुमच्यापाशी?"

तिची आई पंधरा दिवसांपूर्वी वारली होती. माझा नंबर आईच्या ट्रंकेच्या झाकणावर आतून लिहिलेला सापडला म्हणे. तो मीच लिहून दिला होता. मग तिनं खरं ते विचारलं. "मले अकोल्याले मावशीकडे काहून धाडलं, याच्याबद्दल काही बोलली होती का माय? मले कधी सांगतलं नाही तिनं."

बोलली होती, एवढं मला आठवत होतं. काय बोलली होती ते शब्द मात्र आठवेनात. आणि असल्या बाबतीत अंदाजानं काही सांगायला मी तयार नव्हते.

ती लहान होती त्या वर्षांत मी एका संस्थेसाठी गावोगाव फिरायचे. ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला, त्या घरातल्या बाईशी बोलायचं, ते उतरवायचं आणि अमरावतीत एका टायपिंगवाल्या चाचांकडून टाइप करून घ्यायचं, हे माझं काम. तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही, असं मी प्रत्येकीला सांगत असे. या बाईनं माझ्याकडून आणखी एक शब्द घेतला होता. "एक कागद मले आनून देजा. मले वाचता येत नाही, पोरगी सुट्टीत आली का वाचून दाखवीन." आणते, म्हणाले. गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि मग ते कामच सुटलं.

माझ्याकडचे कागद वाळवीनं खाल्ले. उरली चाचांनी भरून दिलेली एक सीडी. ती एका दुकानात नेऊन फायली काढून घेतल्या आणि घरी उघडल्या, तर मराठीचा मागमूस नाही. डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, टक्क्याच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं. तेव्हाचं टाइपिंग जुन्या फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट आता कुठल्याच संगणकात नाही.

नेटवर शोधलं तर अशी अक्षरं दुरुस्त करून देणारी साधनं ढिगानं निघाली. पहिलं म्हणालं, आख्खी फाईल आमच्याकडे चढवा आणि ईमेल द्या. मी चिडून ते बंद केलं. माझ्या सख्ख्या बहिणीलाही जे वाचू दिलं नाही, ते कुठल्या परक्याच्या हवाली करू? दुसऱ्यात मजकूर चिकटवायचा होता, पण बाजूला जाहिराती नाचत होत्या. तिसऱ्यानं लिहिलं होतं की काम तुमच्याच संगणकात होतं, मजकूर कुठेही जात नाही. विश्वास कसा ठेवायचा? मी ते पान उघडलं आणि नेटची वायर उपटली. तरी ते चालत राहिलं. तेच ठरवलं.

पण त्यानं विचारलं, जुना फॉन्ट कोणता? यादीत पंचवीस-तीस नावं. टाइप करणारे चाचा कधीच वारले होते, त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. विचारू कोणाला? मी फक्त पहिली ओळ चिकटवली आणि एकेक नाव लावून पाहू लागले. दिसायला मराठी, पण वाचायला गेलं तर काहीच नाही, असं बरंच काही निघालं. चौदाव्या की पंधराव्या नावाला त्या ओळीत दोन्हीकडे दोन दोन दंड आले आणि मध्ये अक्षर आलं: श्री.

मला एकदम चाचा आठवले. त्यांचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, त्यामुळे कुठल्याही मजकुराच्या माथ्यावर त्यांची बोटं आधी श्री मारत. या बाईच्या कागदावर तो पाहून मी भर दुकानात भांडले होते. आपल्याकडे वाईट बातमीच्या पत्रावर श्री घालत नाहीत, एवढं कळत नाही का तुम्हाला?

चाचा शांतपणे म्हणाले, "पन ताई, बाई त जिती हाय ना? तिचं बोलनं हाय हे."

मी ऐकलं नाही. त्यांनी माझ्यासमोर श्री काढून पुन्हा छापून दिलं. सीडीवर मात्र तसाच राहू दिला होता, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

मग सगळा मजकूर घातला. ती जागा सापडली. चारच वाक्यं होती.

"पोरगी अकोल्याले धाडली. तिची मावशी तिले धुन्याभांड्याले लावते म्हंतेत. मी इचारत नाही. इचारलं त आनाव लागीन, अन् आनून खाऊ काय घालू."

ती मुलगी अमरावतीला आली तेव्हा मी ते श्रीसकट छापून तो कागद तिच्या हातात दिला. आईनं कळवळून काही म्हटलेलं असेल अशी तिची आशा असणार. माझीही होती, ती फाईल उघडेपर्यंत. तिनं सावकाश वाचलं.

"म्हंजे तिले मालूम होतं," ती म्हणाली.

तिचं बोट कागदाच्या वरच्या कडेला गेलं. "अन् हे श्री काहून?"

"लिहिलं तेव्हा तुझी आई जिवंत होती," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि ती चार वाक्यं पुन्हा, या वेळी मोठ्यानं वाचली. शेवटच्या वाक्याला ती रडायला लागली. मी आत जाऊन पाणी आणलं, पण तिच्यासमोर बसायचं धैर्य मला झालं नाही. हा कागद मी वेळेवर नेऊन दिला असता, तर तिनं तो असाच मोठ्यानं वाचला असता, आणि ऐकायला समोर तिची आई असती.