भाविकाच्या ओढणीची गाठ

वेणूमावशी जन्माची भोचक. उरणकडच्या मिठागराच्या गावातली. तिथं कुणाकडे पाहुणा आला तर त्याच्या पायातल्या चपला निघायच्या आत तो कोण, कुठला, कशाला आलाय हे मावशीला कळलेलं असायचं. अशा बाईला नोकरी मिळावी ती नेमकी रोडपालीच्या मुलींच्या बालगृहात, जिथला पहिला नियमच असा की मुलीला मागचं काही विचारायचं नाही. तिला वाटलं तर ती आपणहून सांगेल.

"पोलिसांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालेलं असतं, मावशी," अधीक्षक मिताली मॅडम म्हणाल्या होत्या. "निदान आपण तरी त्यांना जरा ब्रेक देऊ."

मावशीनं नियम पाळला. पण पाळताना तिचा चेहरा ढेकर दाबून धरलेल्या माणसासारखा व्हायचा.

आणि मग भाविका आली. बारा वर्षांची, आधीच्या दोन बालगृहांतून पळालेली. इथूनही पळाली तर तिला लांबच्या जिल्ह्यात पाठवणार, हे मॅडमनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं अंगावरचे कपडे मुकाट धुवायला दिले, फक्त ओढणी दिली नाही. विटक्या हिरव्या ओढणीच्या टोकाला लिंबाएवढी गाठ होती. मॅडमनी तिच्यासमोरच ती वरून चाचपली, टोचणारं काही नाही म्हणाल्या आणि सोडून दिली. भाविका ओढणी घेऊन जेवायची, तीच गालाखाली घेऊन झोपायची. ओढणीला वास मारायला लागला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या झाकल्या गाठीची किंमत मावशीच्या मनात रोज वाढत होती. आईचं कानातलं असेल? फोटो असेल? की देवाचा अंगारा? "मंगळसूत्राचा मनी आसंल गो," ती कणीक मळता मळता परातीला सांगायची.

एका दुपारी बाकीच्या मुली शाळेत गेल्या होत्या. सर्दी झाली म्हणून भाविका घरीच होती. ती आंघोळीला गेली आणि चक्क ओढणी खाटेवर ठेवून गेली! न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. मावशीचे हात शिवशिवायला लागले. तिनं ओढणी उचलली. गाठीच्या पिळात एक लांब केस अडकला होता. तिनं पिळात नख घातलं. आता जरा ओढलं की झालं.

तेवढ्यात तिच्या मनात आलं, या पोरीचं इथं दुसरं आहे काय? खाट संस्थेची, कपडे देणगीतले. तिची म्हणावी अशी ही एक गाठ. आणि तिला कळलं तर? कळंबोलीचा ट्रकतळ इथून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी ट्रकमध्ये चढून बसायची.

"मेल्या हाता!" मावशीनं स्वतःच्याच हातावर चापट मारली आणि ओढणी होती तशी ठेवली.

"का नाही सोडली?"

दारात भाविका उभी होती. केस कोरडे. आत नळ तसाच वाहत होता.

मावशीला खोटं बोलायला सुचलंच नाही. "सोडनार व्हते गो," ती म्हणाली. "पन तुजी हाय, म्हनून ठेवली."

भाविका खाटेवर बसली. तिनं तो केस काढला आणि गाठ सोडायला घेतली. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ. शेवटची सुटली. आत काहीच नव्हतं.

"आधी होतं," ती म्हणाली. "पहिल्या ठिकाणी कुणीतरी सोडून फेकून दिलं. दुसऱ्या ठिकाणी नुसतीच बांधली. तिथंही कुणीतरी सोडली. मग तिथूनही पळाले."

मावशीही सोडायच्या बेतात होती. आणि आधी काय होतं? कुणाचं होतं? प्रश्न अगदी ओठांवर आले होते. डोळे भरून आलेले पोरीला दिसू नयेत म्हणून ती खेकसली, "नल बंद कर आदी. पानी वाया चाललंय."

भाविका गेली. नळाचा आवाज थांबला. परत येऊन तिनं ती चुरगळलेली ओढणी मावशीच्या मांडीवर ठेवली.

"मावशी, ही धुवायला टाका."