भाकरी फुगल्याची साक्ष

आमच्या उमरीच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी गीतं झाली की साक्षीची वेळ असते. देवानं आठवडाभरात आपल्यासाठी काय केलं, ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं. ऐकायला आनंदाचं वाटतं, पण नव्या माणसाला वाटेल की आपण चुकून सरकारी दवाखान्यातच येऊन बसलो. कुणाचा मुतखडा, कुणाचा अपघात, कुणाच्या भावाला चावलेला साप. दुखणं जितकं मोठं तितकी साक्ष वजनदार, असा आमच्याकडे समजच आहे.

माझ्या आईला हे कधी कळलंच नाही. मी नांदेडला शाळेत शिकवते. रविवारी तिच्याकडे जाते आणि बायकांच्या सतरंजीवर तिच्याशेजारी बसते. ती पदर सावरून उठायची आणि सांगायची, "ह्या आठवड्यात माझी एकबी भाकरी फुगल्याबिगर राहिली न्हाई. प्रभूची स्तुती असो." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आईही हसायची. एकदा रसवाल्यानं न मागता जास्तीचं लिंबू पिळलं, त्याचेही तिनं देवाकडे आभार मानले. मला तिचं इतकं कौतुक वाटायचं की विचारू नका.

मागच्या वर्षी मंडळीचा कारभार बघणारे एक काका उपासनेनंतर तिला म्हणाले, "वहिनी, साक्ष म्हणजे देवाचं मोठं काम सांगायचं. भाकरीचं काय सांगायलात? लोक हसायलेत."

"हाव, बरोबर हाय," आई म्हणाली. पुढच्या रविवारी ती उठली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

माझं डोकंच फिरलं. मी भांडायला निघाले तर तिनं माझा हात धरला. "राहू दे. माझ्याजवळ सांगण्यासारखं हाय तरी काय?"

हे ऐकून मात्र मला भीती वाटली. पूर्वी फोनवर तिचं इतकं काही चालायचं की माझी पोळी तव्यावर करपायची. आता "बरं हाय" एवढंच. तिची श्रद्धा कुठे गेली नव्हती. प्रार्थना, उपास, सगळं वेळेवर होत होतं. पण त्यातली मजा गेली होती. माझ्या आईच्या श्रद्धेतून मजा काढली तर मागे काय उरतं, ते मला बघायचं नव्हतं.

उन्हाळ्यात त्या काकांची बायको वारली. सगळ्या मंडळीनं तिच्यासाठी जीव तोडून प्रार्थना केली होती. त्यानंतर काका यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे आणि साक्षीच्या वेळी खाली बघायचे. त्यांच्यासमोर आपला बरा झालेला मुतखडा कोण सांगणार? पाळकसाहेब घाईघाईनं पुढचं गीत सांगायचे.

एका रविवारी काकाच उभे राहिले. "मला सांगायला काही सापडंना," ते म्हणाले. "घरात बघितलं, शेतात बघितलं." मग बायकांच्या बाजूला वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सापडत होतं. काही असलं तर सांगा की."

आई हलेना. मी तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे ती उठली.

"आमच्या मीटरच्या डब्यात चिमणीनं घर केलंय. परवा वायरमन मीटर बदलाया आला. त्यानं डबा उघडला, आत बघितलं अन् हळूच लावून घेतला. म्हणला, मावशी, पिल्लं उडाली की फोन करा, मग येतो. प्रभूची स्तुती असो."

हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. म्हणजे बाई सगळं बघत होती, फक्त मनात ठेवत होती! मला रडू फुटलं आणि रागही आला.

काका आधी हसले आणि मग रुमालानं डोळे पुसले. "आमेन," असं मोठ्यानं म्हणून ते खाली बसले. पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडलं.

आई उभीच होती. "थांबा की साहेब," ती म्हणाली, "अजून लई हाय."