मंगरूभाऊंची तीन ठोक्यांची बोली

माझ्या रोजच्या वहीत सकाळच्या पोथीचा अध्याय आणि उपास-तापास एवढंच असायचं. यंदा हिवाळाभर त्यात मंगरूभाऊंची बोली शिरली. त्यांना लिहिता येत नाही. शेजारधर्म म्हणून मी लिहून दिली, आणि आता तिच्यावरच चिडून बसले आहे.

मंगरूभाऊ साठीच्या पुढचे. मोहर्लीकडच्या जंगलात तीस वर्षं आगीच्या लाईनवर, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, पाला जाळायच्या कामाला होते. बोलणं कमी, हट्ट जास्त. घरात मुलगा अंकुश आणि सून दीपिका. अंकुश सफारीच्या जिप्सीवर ड्रायव्हर, म्हणजे घरी नसल्यासारखाच.

गेल्या वर्षी चैत्रात आम्ही बाया मोहाची फुलं वेचायला गेलो होतो. आमच्यातल्या सुकरीला वाघ दिसला. ती ओरडली, "पळा!" पण कोणीकडे पळा? दीपिका नेमकी त्याच्याच दिशेने धावली. त्याने फाडलेला तिचा डावा हात चंद्रपूरच्या दवाखान्यात शिवून आणला. जीव वाचला, पण ती पुन्हा जंगलात गेली नाही. मोहाचं नाव काढलं की ती उठून आत जायची.

तेव्हापासून मंगरूभाऊंचं एकच चाललं होतं. पुढच्या मोहापर्यंत अशी हाक बनवायची की कोण आलं, कोणीकडून आलं, किती जवळ आलं, सगळं एका दमात कळेल. जंगलात मोबाईल लागत नाही.

धान कापून झाल्यावर ते मला बांधीत, रिकाम्या धानाच्या शेतात, घेऊन गेले. ते या टोकाच्या धुऱ्यावर, मी त्या टोकाच्या. ते एकेक अक्षर ओरडायचे, ऐकू आलं की मी हात वर करायचा. स आणि श पाचोळ्यातच विरायचे. प, ब, म अर्ध्या वाटेत बसायचे. र आणि ल मला एकच वाटायचे, म्हणून र काढला. "जोडाक्षर नको, त्याले दम लागते," म्हणाले. माझा जप राहायचा, भात करपायचा, पण महिन्याभरात उरलं ते पक्कं उरलं: क, ह, ल. आणि त्यांच्यामागे आ, ई, ऊ, ओ.

मग त्यांनी शब्द बांधले. प्रत्येक शब्द तीन ठोक्यांचा, कमी नाही, जास्त नाही. पहिला ठोका नेहमी क चा: कोण आलं ते. का म्हणजे अस्वल, की म्हणजे डुक्कर, को म्हणजे वाघ. दुसरा ह चा: हा उगवतीकडून, हू मावळतीकडून, ही नाल्याकडून, हो गावाकडून. तिसरा ल चा: ला लांब, ली जवळ. वाऱ्याने एखादा ठोका खाल्ला तरी कोणता खाल्ला ते कळावं, म्हणून तिघांना वेगळं अक्षर. शाळा न शिकलेल्या माणसाचं हे डोकं! वहीत लिहिताना मला त्यांचा अभिमान वाटला होता.

पण बाया! पहिल्या दिवशी माझ्या अंगणात सहा जणी आल्या आणि हसून हसून लोळल्या.

"काहालाऽ काहालीऽ! भाऊ, हे अस्वल हाय का पाळन्यातलं पोरगं?" बायनाबाई म्हणाली.

"हस, हस. अस्वल आलं म्हंजे हसजो," मंगरूभाऊ म्हणाले.

तरी शिकल्या. अस्वल शिकल्या, डुक्कर शिकल्या, दिशा शिकल्या. वाघाचा को आला आणि एकीनेही तो म्हटला नाही.

बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे जंगलात त्याचं नाव घेत नाहीत; घेतलं की तो ऐकतो आणि येतो म्हणतात. घरी बसून मी वाघ लिहिते ते ठीक. गावात मोठेभाऊ म्हणतात. मोहाखाली तेही नाही.

"पन हे नाव कुठी हाय?" मंगरूभाऊ वैतागले. "को हाय नुसता! मीच बनवला."

"तुमी बनवला, आमाले सांगतला, आता आमाले सगळ्यायले मालूम हाय," सुकरी म्हणाली. "मंग झालं ना नाव. ज्याचं हाय त्यालेबी समजनच."

त्यांनी को काढून कू ठेवला. आठ दिवसांत कू पण नाव झाला. आता क च्या मागे स्वर उरला नव्हता. अस्वलाचा का वाघाला द्यावा म्हटलं, तर बायनाबाई म्हणाली, "मंग काबी त्याचंच नाव झालं. अस्वलालेबी नाई म्हननार."

"वच्छला, तू सांग ना यायले! तू पोथी वाचतेस, तुहं आयकतीन," मंगरूभाऊ मला म्हणाले.

काय सांगू? मी रोज तुळशीपुढे एकशे आठ वेळा देवाचं नाव घेते, ते तो ऐकतो म्हणूनच ना? मग दुसऱ्याचं नाव दुसरा ऐकत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी वही मिटून आत गेले. मंगरूभाऊ चार दिवस माझ्या अंगणात फिरकले नाहीत. मलाही राग आला. माझा हिवाळा गेला होता त्यात.

मोह पडायला लागला. दीपिका म्हणाली, "मामाजी, तुमची हाक हाय म्हनून येतो. नाई तं नसती आली." मंगरूभाऊंनी मान हलवली, पण चेहरा उतरला. हाक अर्धीच होती, हे त्यांना आणि मला ठाऊक होतं.

तिसऱ्या सकाळी आम्ही वाकून वेचत होतो. मंगरूभाऊ आगीच्या लाईनवर काठी घेऊन उभे. सुकरीचा आवाज आला, "हीऽऽ लीऽऽ!"

नाल्याकडून. जवळ. पहिला ठोका नाहीच.

कोण आलं, ते कोणी विचारलं नाही. अस्वल असतं तर ती का म्हणाली असती. डुक्कर असतं तर की. आम्ही सगळ्या टोपल्या टाकून गावाच्या बाजूने निघालो, पळालो नाही. दीपिकाही या वेळी बरोबर वळली.

उभे राहिले ते एकटे मंगरूभाऊ. "कोन? कोन हाय? पह्यला ठोका कुठी गेला?" वाऱ्याने खाल्ला समजून ते कान देऊन वाट बघत होते. नाला त्यांच्याच पाठीमागे. दीपिका मागे फिरली, शिवलेल्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि ओढत आणलं.

सडकेजवळ पोचलो, तरी जंगल संपलं नव्हतं, तिथेच ते सुकरीवर उखडले. "अर्धी हाक देतेस? शब्द तीन ठोक्यायचा हाय! पूरा म्हन!"

"तुमीच म्हना ना भाऊ," सुकरी म्हणाली. "इथीच म्हना."

मंगरूभाऊंनी तोंड उघडलं. बांधीत त्यांनी तो शब्द शंभरदा ओरडला होता. जंगलात पाय ठेवून एकदाही नाही. त्यांनी मागे नाल्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण आवाज काही निघाला नाही. आम्ही सगळ्या बघत होतो. हसली कोणीच नाही.

"फुकट गेलं सारं," ते म्हणाले आणि काठी आपटत गावाकडे चालू लागले.

"फुकट काऊन?" दीपिका मागून चिडून ओरडली. "मी आली ना परत!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. टोपल्या तिकडेच राहिल्या. दिवसाची फुलं चितळांनी खाल्ली असतील.