पेनल्टी बॉक्सची दारवाली

“टेल युअर ग्रॅनी टु गो स्टँड आउटसाइड. शी स्टिंक्स.”

तुझ्या आजीला सांग, बाहेर जाऊन उभी राहा. वास येतो तिचा.

बोलणारा पोरगा पंधरा वर्षांचा. ज्याला बोलला तो माझा नातू सिद्धार्थ, तोही पंधराचा. आणि जिच्याबद्दल बोलला ती मी, दोघांपासून हातभर अंतरावर, त्याच बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली.

मी काय केलं?

मी उठले. पिशवी उचलली, मागचं दार उघडलं आणि बाहेर बोळात जाऊन उभी राहिले.

कुणी हात धरून काढलं नाही. माझी मी गेले. वर दार हळूच लावून घेतलं, आवाज नको म्हणून! अशी सुसंस्कृत बाई.

तेव्हा मी तरुण होते. सहासष्ट. आता चौऱ्याहत्तर झाले, थोडी अक्कल आली आहे, म्हणून लिहिते.

वासाचं आधी सांगून टाकते. वास होता. खोटं कशाला? गुडघ्यांना बाम चोपडला होता आणि पिशवीत पोरासाठी भाकरी न् लसणाची चटणी होती. पण हॉकीच्या पोरांच्या हातमोज्यांचा वास कुणीतरी एकदा घेऊन बघावा. मेलेला उंदीर त्यापुढे अत्तर. तो वास चालतो. तो खेळाचा वास. माझा मात्र नाकात जातो.

आता मी त्या बाकावर कशी पोचले ते सांगते. बर्फावरच्या हॉकीत कुणी चूक केली की त्याला दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात. तोच पेनल्टी बॉक्स. त्याला पुढून एक दार असतं, ते बर्फावर उघडतं. शिक्षा संपली की ते दार उघडायला माणूस लागतो. पोरांच्या क्लबात हे काम पालकांनी आळीपाळीने करायचं असतं. तसा नियम आहे.

सिद्धार्थची आई, म्हणजे माझी लेक, हॉस्पिटलात शिफ्ट करायची. बाप ट्रकवर. म्हणून टोरांटोच्या कडेच्या स्कारबरोहून त्या श्रीमंत वस्तीतल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पोराला मीच न्यायची. पहिल्याच आठवड्यात क्लबचा प्रेसिडेंट माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “यू कॅन डू द डोअर.” बाकीचे पालक वर, काचेमागच्या गरम खोलीत, कॉफी पीत. मी खाली, बर्फाच्या काठाला. एक आठवडा, दोन आठवडे, अख्खा हिवाळा. पुढचा हिवाळाही. आळीपाळी माझ्यापाशी येऊन थांबली ती थांबलीच.

आणि मी? मी नागपूरला बहिणीला फोन करून सांगितलं, “मले इथं पद देलं बापा. ऑफिशियल.”

पद! बहिणीने शेजारणीला सांगितलं असेल, माझी बहीण कॅनडात अधिकारी झाली. दार उघडायची अधिकारी.

त्या दिवशी निवडीचा सामना होता. आपल्याच पोरांचे दोन गट करून खेळवत होते. वर गरम खोलीत मोठ्या ज्युनिअर टीमची दोन माणसं वह्या घेऊन बसली होती. त्यांना एक डिफेन्सवाला हवा होता. एकच. पुढे व्यावसायिक व्हायचं तर रस्ता तिथूनच जातो. दोन पोरांत चुरस होती. एक सिद्धार्थ, दुसरा प्रेसिडेंटचा मुलगा.

डिफेन्सवाल्याचं काम उलटं धावायचं. समोरच्यावर नजर आणि पाठीमागे आपलं घर. घाई करायची नाही, झेप घ्यायची नाही. समोरचा चुकेपर्यंत मागे मागे जात राहायचं. माझा नातू असा उलटा धावायचा की वाटावं त्याला पाठीलाही डोळे आहेत. मला हॉकीतलं तेवढंच कळतं, पण ते नीट कळतं.

दोघांनी एकमेकांना काठ्या अडकवल्या. दोघांनाही दोन मिनिटं. पलीकडच्या बॉक्सची कडी गोठली होती म्हणून दोघे माझ्याच बॉक्समध्ये. आणि मग ते वाक्य.

मी बोळात उभी राहून काचेतून पाहिलं. सिद्धार्थ त्या पोराकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मग त्याने हातमोजे काढले, खाली टाकले आणि त्याला मारलं. तीनदा.

अर्ध्या तासाने मला ऑफिसात बोलावलं. हीटर होता तिथं. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा मला त्या खोलीत बसायला मिळालं. प्रेसिडेंट होता. त्याच्या शेजारी आपले डॉक्टरसाहेब, पुण्याचे, क्लबच्या कमिटीवर. त्यांचा नातूही त्याच टीममध्ये. दर दिवाळीला मराठी मंडळात स्टेजवर असतात. समोर कागद. बॉक्समध्ये बसलेल्या माणसाने काय ऐकलं, ते लिहायचं होतं.

“डिड यू हिअर एनीथिंग, मॅम?”

डॉक्टरांनी लगेच मराठी केलं. चाळीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात भांडी घासली, इंग्रजी मला त्यांच्याइतकंच कळतं. पण त्यांनी केलं. “मावशी, ते विचारतात, काही ऐकलंत का. तुम्ही कशाला ऐकाल? बर्फ गोठवायच्या मशीनचा केवढा आवाज असतो. सही करून टाका. उगाच रंगाबिंगाचा विषय निघाला की सगळ्यांनाच त्रास. आपल्याला इथं राहायचंय ना?”

मावशी. हे मावशी आईच्या बहिणीचं नव्हतं. वॉर्डात बेडपॅन उचलणाऱ्या बाईला मारतात ती हाक. मला कळलं नाही असं नाही.

आणि ते ‘आपल्याला’! त्यात मी कधीपासून आले, कुणास ठाऊक.

कागदावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. काही ऐकलं नाही. मी सही केली. वळणदार. वर त्यांना थँक्यू म्हणाले. हात तुटला असता तर बरं झालं असतं.

माझ्या सहीने एक शब्द पक्का झाला. अनप्रोव्होक्ड. कारण नसताना केलेला हल्ला. सिद्धार्थचा उरलेला सीझन बंद झाला. वह्यावाली माणसं प्रेसिडेंटच्या मुलाला घेऊन गेली. तो दोन वर्षांत कंटाळला, खेळ सोडला, आता बापाबरोबर कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, विकतो. एक जागा होती, ती त्याने अशी वापरली. हात पुसायला.

सिद्धार्थने सोडलं नाही. पण इथं पोराच्या आधी त्याचा कागद पोचतो. कोच कोचला फोन करतो. चांगला आहे, पण डोकं फिरतं त्याचं. कुठल्या कुठल्या गावांत खेळला, लोकांच्या बेसमेंटमध्ये राहिला. गेल्या वर्षी, बाविसाव्या वर्षी, पहिला व्यावसायिक करार मिळाला. अटलांटिककडच्या एका गावात, खालच्या लीगमध्ये. आम्ही पेढे वाटले. तिथल्या कोचने पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, “वी लाइक युअर टेम्पर, किड.”

म्हणजे मारामारीला ठेवला. तीन सामने बसवून ठेवायचा, चौथ्यात उतरवायचा आणि म्हणायचं, जा, त्या मोठ्याला अंगावर घे. लोक उभे राहून ओरडतात. मी फोनवर बघायची. जो पोरगा पाठीला डोळे असल्यासारखा उलटा धावायचा, तो हातमोजे टाकून रक्त थुंकत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. भाकरीचा तुकडा डाव्या हाताने मोडतो.

कुणाची सही? माझी.

या हिवाळ्यात सिद्धार्थच्या त्या अटलांटिककडच्या क्लबने ‘साउथ एशियन नाइट’ काढली, आपल्याकडच्या लोकांच्या कौतुकाची रात्र. एका मुलीचा फोन आला, गोड आवाज. आजीने साडी नेसून बर्फावर यायचं, पहिला पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, टाकायचा आणि दोन वाक्यं बोलायची. वाक्यं त्यांनीच पाठवली, छापील कार्डावर. पहिलंच होतं, हॉकीने आमच्या घरासाठी दार उघडलं.

मी इतकी हसले की कवळी सावरावी लागली. दार कुणी उघडलं? दोन हिवाळे दार मी उघडलं!

कार्डाच्या खाली कार्यक्रमाच्या यजमानाचं नाव होतं. जुन्या क्लबचा तोच प्रेसिडेंट. त्याच्या कंपनीने आता या क्लबला पैसे दिलेत.

हसू तिथं थांबलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी सिद्धार्थच्या खोलीवर पोचले. ओट्यापाशी भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. कागद, डॉक्टर, सही. आठ वर्षं पोटात ठेवलं होतं. तो स्टिकला टेप गुंडाळत होता. थांबला नाही.

“आय न्यू, आजी. कागद मला दाखवला होता त्यांनी.”

“मग बोलला काऊन नाही?”

“कागदाचं काय! दे वुड हॅव फाउंड समवन.” टेप तोडली त्याने दातांनी. “तू उठलीस. ही सेड इट अँड यू जस्ट गॉट अप. म्हणून मारलं मी त्याला. तू बसून राहिली असतीस तर मी पण बसलो असतो.”

तव्यावरची भाकरी जळली. मी जळू दिली.

माझी आई नागपूरजवळच्या खेड्यात लग्नाच्या मांडवाबाहेर जेवायची. उरलेलं यायचं तेव्हा. एकदा, एकदाच, तिने मांडवात शिरून पंगतीत बसकण मारली. चार जण उठवायला आले. ती उठली नाही. खूप मार खाल्ला, पण बसूनच खाल्ला. एवढा वारसा घेऊन मी विमानात बसले, पेन्शन घेतलं, पासपोर्ट घेतला आणि एका पंधरा वर्षांच्या पोरट्याने म्हणताच उठले.

दुसऱ्या दिवशी साडी नेसले. निळी. स्टेडियमच्या खोलीत प्रेसिडेंट आला, हात पुढे केला. मला ओळखलं नाही. दारवालीचा चेहरा कोण बघतो?

“यू मस्ट बी सो प्राउड!”

मी हात दिला नाही. म्हटलं, “यू हॅव माय पेपर. माझी सही आहे त्यावर. ती खोटी आहे. मला तो कागद परत हवा.”

तो त्या गोड आवाजाच्या मुलीकडे बघून हसला. म्हातारी बरळतेय, असं.

मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि वर जाऊन माझ्या खुर्चीत बसले. नववी रांग. मुलगी मागून आली. “मॅम, खाली यायचंय.” मी म्हटलं, “नो.” तिला वाटलं, गुडघे. “व्हीलचेअर आणू?”

बर्फावर लाल गालिचा अंथरला. दिवे मंद झाले. लाउडस्पीकरवर माझं नाव चुकीचं घेतलं गेलं. प्रकाशाचा झोत शोधत शोधत माझ्यावर येऊन पडला. हजारो लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. गालिच्यावर प्रेसिडेंट एकटाच, हातात पक. हसू चिकटवलेलं.

मी बसले होते.

पुन्हा नाव घेतलं. टाळ्या विरल्या. कुणीतरी मागून म्हणालं, “गेट अप, ग्रॅनी!” प्रेमानेच म्हणालं असेल. मी बसले होते. पाय आपोआप उठायला बघत होते. उठायची सवय अशी हाडात असते. मी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून ठेवले.

खाली निळ्या रेघेवर टीमबरोबर रांगेत उभ्या सिद्धार्थने स्टिक बर्फावर आपटली. ठक. ठक. ठक. हॉकीत टाळ्या अशाच वाजवतात. बाकी कुणी आपटली नाही.

कोचने त्याला त्या सामन्यात एक मिनिटही उतरवलं नाही. पुढच्या तीन सामन्यांतही नाही. डॉक्टरसाहेबांचा टोरांटोहून फोन आला. “मावशी, एवढा मान देत होते लोक, शोभलं का हे? पोराच्या करिअरचा तरी विचार करायचा.”

मी म्हटलं, “डॉक्टर, मला मावशी म्हणू नका. आणि त्या कागदावरचं अक्षर तुमचं आहे. तेही लिहिणार आहे मी.”

लिहिलं. एक पत्र त्या जुन्या क्लबला, एक लीगला, एक सिद्धार्थच्या कोचला. त्या बॉक्समध्ये मी होते. मुलगा काय बोलला, शब्द न् शब्द. माझ्याकडून सही कुणी घेतली. कारण होतं आणि ते मी ऐकलं. खाली नवी सही केली, वळणदार मुळीच नाही.

उत्तर आलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेच पत्र पुन्हा जातं. पोस्टातला माणूस ओळखायला लागलाय. मी मेले तर लेक पाठवेल, तिला पत्ते देऊन ठेवलेत.

सिद्धार्थचा करार पुढच्या वर्षी होईल की नाही, माहीत नाही. त्याने कोचला सांगितलंय, मी डिफेन्स खेळेन, मारामारी करणार नाही. जिथं खेळेल तिथं मी जाणार. भाकरी नेणार, लसणाची चटणी नेणार, गुडघ्यांना बाम लावून जाणार.

ज्याला वास येईल त्याने उठावं.