मंगळवारची वही

पडदा वर जातो तेव्हा रामघाटावर दुपार कललेली आहे. मागे नदी, पुढे दगडी पायऱ्या, त्यांवर अर्धगोलात बसलेली विद्यापीठातली सहा-सात मुलं. एक जण बोलतोय, बाकीचे ऐकतायत. हा प्रवेश उभा केला माझ्या शेजारच्या ढुंढिराजने. साल चौऱ्याण्णव.

मानसशास्त्राच्या एम.ए.ला होता तो. आदल्या वर्षी त्याच्या वर्गातल्या एका मुलाने जीव दिला. वसतिगृहात भिंतीपलीकडे राहणाऱ्यांनाही काही कळलं नव्हतं. तेव्हापासून दर मंगळवारी ही बैठक. नियम एकच, सल्ला द्यायचा नाही.

"बनारसात सल्ला न देणारी माणसं तुला मिळाली कुठे?" मी विचारलं.

"मिळाली नाहीत मावशी, दटावून बसवलीत. तुम्हीच शिकवा आता. स्टेजवर दुसऱ्याचं भाषण चालू असताना तुम्ही काय करायच्या?"

"जळायचे," मी म्हटलं.

पण शिकवलं. समोरच्याचं वाक्य शंभराव्या प्रयोगालाही पहिल्यांदा कानावर पडतंय असं कसं ऐकायचं, ते. नाटक कंपनीत तीस वर्षं काढून मला तेवढंच नीट येत होतं.

जबलपूरचा श्रीनिवास इंजिनियरिंगला होता. तीन मंगळवार गप्प बसला. चौथ्या मंगळवारी म्हणाला, "सकाळी जाग येते, तेव्हा वाटतं, आली नसती तर बरं." कोणी सल्ला दिला नाही. मग तो दर आठवड्याला बोलायला लागला. फाल्गुनात त्याने दोन कचोऱ्या खाऊन तिसरी मागितली, तर ढुंढिराज ती बातमी सांगायला माझा जिना धावत चढला.

ढुंढिराजचं घर उपाध्यायांचं. वडील वेणीमाधवशास्त्री यजमानांच्या वंशावळी सांभाळत. काशीला आलेल्याचं गाव, आजा, बाप, मुलं लिहून घ्यायची आणि पुढे त्या घरातला कोणी आला की पान उघडून वाचून दाखवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्याच वळणाने ढुंढिराजने बैठकीचीही वही केली, आडवी, लाल कापडात बांधलेली. नाव, गाव, वडिलांचं नाव आणि खाली त्या मुलाचं बोलणं, शब्दाला शब्द. कोणाला आपलं दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागू नये म्हणून. ती वही तो घरातल्या वह्यांबरोबर फळीवरच ठेवायचा. मला दाखवली, तेव्हा अक्षर सुरेख आहे, एवढंच मी म्हणाले.

चैत्रात श्रीनिवासचे वडील आपल्या आईच्या श्राद्धाला आले आणि उतरले वेणीमाधवशास्त्रींकडेच. ढुंढिराज कॉलेजात होता. जबलपूरच्या घराण्याचं पान शोधताना शास्त्रीबुवांच्या हाती नवी वही लागली. यजमानांची ताजी पिढी मुलाने आधीच लिहून ठेवलेली पाहून त्यांना कोण अभिमान वाटला. चष्मा लावून ते मोठ्याने वाचायला लागले. मी शेजारी माझ्या माडीवर ऐकत होते. निम्म्यात त्यांनी वही मिटायला घेतली. उरलेलं पान पाहुण्यांनी वही ओढून घेऊन स्वतःच वाचलं.

"आमच्या घरात असलं काही नसतं," ते म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीने मुलाला घेऊन गेले. विद्यापीठातून त्याचं नावही काढून टाकलं. ढुंढिराज जबलपूरला जाऊन आला, दारातूनच. त्याची दोन्ही पत्रं न फोडता परत आली. श्रीनिवासचं पुढे काय झालं, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी पायऱ्यांवर बैठकीतली एकटी अंतरा आली, तीही उभ्या उभ्या. "भैया, माझं पान फाडून द्या." त्याने दिलं. महिनाभरात वहीचे पुठ्ठेच राहिले. वेणीमाधवशास्त्री मला विचारत, "पण त्यात खोटं काय लिहिलं होतं हो?"

एम.ए. अर्धवट राहिलं. सत्त्याण्णवमध्ये ढुंढिराजला कानपूरला बँकेत नोकरी लागली. निघताना नमस्काराला आला. मला राहवलं नाही. म्हटलं, "स्वतःला किती दिवस खाणार आहेस रे? तू मायेने लिहिलंस. घरी कळता कामा नये, असं त्या पोराने एकदा तरी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी."

"सांगितलं होतं, मावशी," तो म्हणाला. "तेही मी लिहून ठेवलं होतं."