बिनसळईची कमान

समस्त नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मोताळ्यात बांधकाम चालू असलेल्या आमच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार राहणार नाही. तिथे कमान राहील. या निर्णयाचे दूरगामी परिणाम लक्षात घेऊन सर्वांनी शांतता राखावी.

शांतता कुणीच राखली नाही. सुरुवात बायकोने केली. मलकापूरला तिच्या बहिणीच्या हॉलमध्ये कमान आहे आणि त्या कमानीखाली उभं राहून बहीण फोटो काढते. मी म्हटलं, "अगं, ती पीओपीची आहे. खोटी."

"मग आपली खरी करा," ती म्हणाली. एका वाक्यात तिने बहिणीला मागे टाकलं आणि मला कामाला लावलं.

खोटी म्हणजे काय ते सांगतो. हल्लीची कमान म्हणजे बीमला नेसवलेली झालर. वर सिमेंट-सळईचा सरळसोट बीम भिंतीचं सगळं ओझं उचलतो, खाली पीओपीची गोलाई नुसती लटकते. राबतो एक, फोटोत येतो दुसरा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आमचं बांधकाम बापलेकाच्या जोडीकडे होतं. लेक ठेकेदार. त्याच्या मोबाईलमध्ये नाना देशांतल्या कमानींचे फोटो होते, त्यांतली एकही कमान त्याने बांधलेली नव्हती. बाप जुना मिस्त्री, सत्तरी ओलांडलेला. लेकाने त्याला साइटवर 'लक्ष ठेवायला' नेमलं होतं, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं.

लेकाने मला आधी बीमचे प्रकार शिकवले. जमिनीलगतचा प्लिंथ बीम, जो सगळ्या घराला बांधून ठेवतो आणि कुणाला दिसत नाही. दारा-खिडक्यांवरचा लिंटेल. स्लॅबच्या पोटात लपवलेला कन्सील्ड. आणि गॅलरीचा, ज्याचं एक टोक भिंतीत आणि दुसरं हवेत. हा शेवटचा मला ओळखीचा वाटला. माझ्या धाकट्या मेव्हण्याचा संसार याच तत्त्वावर उभा आहे. भिंत आम्ही.

"तर भाऊ, इथं लिंटेल टाकू अन् खालून पीओपी मारू," लेक म्हणाला.

खुर्चीतून आवाज आला, "काऊन? कमान सोताच्या पायावर नाई उभी राहात का?"

"बाबा, तुमी बसा न."

"बसूनच राह्यलो न बे सकाळपासून! भाऊ, मी करून देतो. नुसत्या इटीची. एक सळी टाकनार नाई."

बायकोचे डोळे चमकले. सळईशिवाय! मलकापूरला हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव तिच्या चेहऱ्यावर सुरू झाली.

लेक भडकला. सगळ्या मजुरांसमोर त्याने जाहीर केलं, "ठीक हाये. करा. पन पडली, नाईतर तडा जरी गेला, तर उद्यापासून साइटवर यायचं नाई. घरी राह्याचं, नातवंडं सांभाळायची."

म्हाताऱ्याने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. खुर्ची का असेना, ती साइटवरची खुर्ची होती. मग तो म्हणाला, "हाव. मंजूर."

दुसऱ्या दिवशी माझी खात्री पटवायला तो मला मोटारसायकलवर मागे बसून रोहिणखेडला घेऊन गेला. पेट्रोल माझं, चालकही मीच. तिथल्या जुन्या मशिदीपुढे उभं राहून त्याने तिच्या कमानीकडे बोट केलं. "पाहा. हिले टोक हाये, म्हनून वजन लवकर खाली उतरते. आपली अर्धी गोल राहीन, ते बाजूले रेटा देते. अन् चपटी कोनी मांगतली तर नाई म्हना, ते लई नखरे करते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढ्या वर्सांची हाये. हिच्यात सळी कुठं हाये, दाखवा बरं मले."

मी जगातला एकमेव घरमालक असेन, ज्याने पुरातन वास्तूत सळई शोधून पाहिली. मिळाली नाही.

"बाबा, तुम्ही अशा किती बांधल्या?" मी विचारलं.

"आता कोन मोजते, भाऊ," म्हातारा म्हणाला आणि चहाची टपरी शोधू लागला. हे उत्तर मी विनय समजलो. माणसं ओळखण्यात माझा हातखंडा आहे.

काम सुरू झालं. लेक कमानीखाली आधाराला लोखंडी प्लेटा आणतो म्हणाला, म्हाताऱ्याने हात झटकला. दोन भिंतींमधली मोकळी जागा त्याने सुट्या विटा मातीत रचून भरून टाकली, वर चिखल थापला आणि तळव्याने फिरवून फिरवून गोल केला. त्या गोलाईवर घासून पाचरीसारख्या केलेल्या विटा दोन्ही बाजूंनी चढत गेल्या. मधली शेवटची वीट लाकडाने ठोकून बसवली, तेव्हा तो देवाचं नाव पुटपुटत होता. भाविक असेल, असं मी बायकोला सांगितलं.

मग पुष्कळ दिवस पाणी मारणं झालं. आधार काढायच्या दिवशी शेजारी-पाजारी आले, कुणाच्या घरी बघण्याचा कार्यक्रम असावा तसे. मेव्हणाही आला आणि सर्वांत सुरक्षित कोपरा धरून सल्ले देऊ लागला.

मजुरांनी कमानीखालचा चिखल खरवडला, आधाराच्या सुट्या विटा उतरवल्या. शेवटी कमानीच्या दोन खांद्यांखाली त्याच विटांचे फक्त दोन टेकू उरले. तेव्हा म्हातारा उठला आणि बरोबर कमानीखाली जाऊन उभा राहिला.

"बाबा, हे काय करून राह्यले? बाहेर या!" लेक ओरडला.

"मह्या वस्तादाची रीत हाये. ज्यानं बांधली, त्यानंच खाली उभं राह्याचं."

"हेल्मेट तरी घाला!"

"टोपी हाये न."

लेकाचा सगळा ठेकेदारपणा गळून पडला. तो कमानीच्या अलीकडे हात पसरून उभा राहिला, जणू भिंत पडलीच तर झेलणार होता. "बाबा, मी शब्द वापस घेतो. या तुमी साइटवर रोज. पन आता बाहेर या न."

"काढा बे!" म्हातारा मजुरांवर खेकसला.

डावा टेकू निघाला. उजवा निघाला. वरून कर्र असा बारीक आवाज आला आणि तंबाखूला लावायच्या चुन्याएवढा चुरा टोपीवर पडला. बायकोने माझा दंड इतका आवळला की त्याचा वळ आठवडाभर होता. मेव्हणा अंगणात पोचलेला होता.

नंतर काहीच झालं नाही. विटा एकमेकींना दाबून जागच्या जागी बसल्या होत्या.

म्हाताऱ्याचे डोळे गच्च मिटलेले होते, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. त्याने आधी एक उघडला, मग दुसरा. मान वर करून त्याने कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या तोंडून निघून गेलं,

"मायच्यान, पह्यल्यांदा उभी राह्यली बे!"